सासूबाईंची आणि माझी एकच गोळी

माझी पाळी पाच महिने आली नव्हती आणि मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी खूश होते. तेव्हा मी अठरा वर्षांची, पेणला कॉलेजात पहिल्या वर्षाला. कबड्डीच्या संघात माझी चढाई पक्की होती. मॅचच्या दिवशी डागाची धास्ती नाही, पोटात कळा नाहीत. बाकीच्या मुली पोट धरून बसायच्या तेव्हा मला वाटायचं, देव आपल्यावर प्रसन्न आहे.

आमचं गाव पेणपासून पाऊण तासावर, डोंगराच्या पायथ्याशी. बाबांची भातशेती, आणि भात निघाला की त्याच ओलीवर वाल. आमच्या घरी पाळीत बाजूला बसायची पद्धत होती. पडवीत वेगळी चटई, वेगळं ताट. त्यामुळे आईला कधी विचारावं लागायचं नाही, चटई अंथरलेली दिसली की तिला समजायचं. त्या पाच महिन्यांत चटई खुंटीवरून खाली आलीच नाही, आणि ते एक दिवस आईच्या लक्षात आलं.

आम्ही दोघी शेतावर वालाच्या शेंगा तोडत होतो. आईने आधी आजूबाजूला कुणी नाही ना ते बघितलं, मग वेलाकडे बघतच विचारलं, "किती दिस झालं गो तू बसली नायस?"

"झाले असतील चार-पाच महिने."

तिने तोडलेली शेंग टोपलीत टाकली नाही. तशीच मुठीत धरून ठेवली.

"कोन हाय?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा मला हसू आलं. ते हसू बघून तिने माझ्या थोबाडीत मारली. जन्मात पहिल्यांदा.

"नाय गो आई, तसलं काय नाय. शप्पथ."

"मग कसलं हाय?"

तोवर मला एकदाही वाटलं नव्हतं की हे कसलंतरी असू शकतं. भीती मला तिथे, त्या वालाच्या शेतात पहिल्यांदा वाटली, आणि ती काही ना काही रूपात आजतागायत माझ्याबरोबर आहे.

पेणची डॉक्टरीण

दुसऱ्या दिवशी आईने बाबांना सांगितलं की हिची दाढ दुखते. गाडीत ती माझ्या शेजारी बसली नाही, दोन सीट पुढे जाऊन बसली. पेणला उतरल्यावर आमच्या गावची माणसं जातात तो दवाखाना तिने टाळला आणि दुसऱ्याच आळीतल्या एका लेडी डॉक्टरकडे नेलं. रस्ताभर पदर डोक्यावरून पुढे ओढलेला.

डॉक्टर पन्नाशीच्या असतील. बोलणं तुटक, पण आवाजात राग नव्हता. पाळीचं विचारलं, वजनाचं विचारलं, हनुवटी हाताने वर करून उजेडात बघितली. मग आईला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा."

त्या एका वाक्याने आईचा चेहरा पांढरा पडला. ती गेल्यावर डॉक्टरांनी मला सरळ विचारलं. मी नाही म्हटलं. "माझा विश्वास आहे," त्या म्हणाल्या, "पण तपासायला लागतंच."

लघवी तपासली. मग सोनोग्राफीसाठी बाटलीभर पाणी प्यायला लावलं आणि बाकड्यावर बसवलं. लघवी दाटून येईपर्यंत थांबायचं होतं. मी पाय आवळून बसले होते आणि बाजूला आई देवाचं नाव घेत होती. कुठल्या कुठल्या देवांना तिने काय काय कबूल केलं, ते तिने मला कधी सांगितलं नाही.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी दोघींना समोर बसवलं.

"पोटात मूलबिल काही नाही हो," त्या आईला म्हणाल्या.

आई रडायला लागली. मोठ्याने, पदर तोंडात धरून, पण आनंदाने. डॉक्टरांनी तिला रडू दिलं आणि मग कागद आमच्याकडे फिरवला. "पण हिच्या दोन्ही अंडाशयांत बारीक बारीक गाठी दिसतायत."

आईचं रडणं जागच्या जागी थांबलं. "गाठी?"

माझी आत्या छातीतल्या गाठीने गेली होती. आमच्या घरात त्या शब्दाला एकच अर्थ होता.

"तसल्या गाठी नाहीत," डॉक्टर लगेच म्हणाल्या. "दर महिन्याला बाईच्या पोटात एक बी पिकतं. हिची बियाणी धरतात, पण पिकत नाहीत. तशीच साठून राहतात."

आईने जरा विचार केला. "म्हंजे पोचट दाणा?"

डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. "साधारण तसंच."

नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं, पीसीओएस. लोक पीसीओडीही म्हणतात. बरं होईल का, असं आईने विचारलं. "ताब्यात राहील. जाईल असं मी म्हणणार नाही." मग आईने तो दुसरा प्रश्न विचारला, जो पुढे मला आयुष्यात प्रत्येकाने विचारला. "हिला मूल होईल ना?"

"बाई, ती अठरा वर्षांची आहे. तिला आधी जगू तरी द्या."

येताना गाडीत आई माझ्या शेजारी बसली. माझा हात तिने आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवला होता. गाव जवळ आल्यावर एवढंच बोलली, "कुनाला बोलायचं नाय हां."

मैदान

गोळ्यांनी पाळी येऊ लागली. गोळ्या थांबल्या की पाळीही थांबायची. वजन मात्र वाढत राहिलं. मी सगळ्या मुलींइतकंच खायचे, सगळ्यांपेक्षा जास्त पळायचे, तरी माझीच शॉर्ट पॅन्ट घट्ट व्हायची. हनुवटीवरचे केस आधी चार होते. मग मोजता येईनात. आई बेसन-हळद चोळायची, मी दोऱ्याने काढायचे, आठ दिवसांत परत यायचे.

धरमतर खाडीच्या बाजूला एका गावात सामने होते. मी चढाईला गेले. मधल्या रेषेपलीकडे पाऊल टाकलं आणि कडेच्या गर्दीतून एक माणूस ओरडला, "ह्या पोराला कशाला घेतलाव पोरींमध्ये?"

हसण्याची लाट आली. कबड्डी कबड्डी म्हणता म्हणता माझा दम तुटला. मला पकडलं तेव्हा मी सुटायची धडपडसुद्धा केली नाही. जमिनीवर पडून राहिले, कारण उठले असते तर माझं तोंड सगळ्यांना दिसलं असतं.

नंतर मी सगळ्यांना सांगितलं की माझा गुडघा दुखावलाय. गुडघा ठणठणीत होता. त्यानंतर मी स्पर्धेत खेळले नाही. आजाराने माझं काय नेलं, असं कुणी विचारलं तर मी मुलाबाळांचं सांगणार नाही, आधी ती एक चढाई सांगेन.

खेळ सोडला तरी मैदान सोडवेना. मी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि रोह्याच्या एका शाळेत पी.टी.ची शिक्षिका झाले.

भात कमी करा

डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितलं होतं. घरी आल्यावर मी म्हटलं, ठीक आहे, भाकरी खाईन. बाबा म्हणाले, "भाकरी कशाची आसते गो?" आमच्याकडे भाकरी तांदळाची. घावन तांदळाचं. पाहुणा आला की तळायची ती गोड बोरंही तांदळाच्या पिठाची. आजारी पडलं तर पेजही तांदळाचीच. बाबांना तर हा अपमान वाटला. "माझ्या शेतातला भात माझ्या पोरीला सोसत नाय, हे कुनी सांगितलं? डॉक्टरला बोलव हिकडं, मी भरवतो तिला."

बिचारे नंतर स्वतः बाजारातून नाचणी घेऊन आले आणि माझ्या ताटात नाचणीची भाकरी बघून तोंड फिरवून जेवायचे. वालाचं बिरडं मात्र डॉक्टरांनी खुशाल खा म्हटलं होतं. मी आठवड्यातून चार-चार दिवस बिरडं खायचे. कधी कधी रात्री भाताचं स्वप्न पडायचं. हसू नका. गरम भात, वर माशाचं कालवण. ज्याला सोडावा लागलाय त्यालाच कळेल.

नागोठणं

मला स्थळ आलं ते रोह्याचंच. संदेश, धाटावला एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये ऑपरेटर. घरी फक्त आई. वडील लहानपणीच गेलेले. बघण्याचा कार्यक्रम झाला, होकार आला. आईने मला बजावून ठेवलं होतं, "लग्न झालं की समदं रांगेला लागतं. आधी काय बोलायचं नाय."

पण मला झोप लागेना. लग्नानंतर कधीतरी हे उघडं पडेल, आणि तेव्हा मी खोटी ठरेन, ही भीती आजाराच्या भीतीपेक्षा मोठी होती. मी संदेशला फोन केला. रोह्यात भेटलो असतो तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं असतं, म्हणून रविवारी नागोठण्याच्या स्टँडवर उतरायचं ठरलं. चहाच्या टपरीच्या बाकावर बसलो.

"मला एक सांगायचंय," मी म्हटलं. "मला पीसीओएस आहे."

तो म्हणाला, "ही कसली परीक्षा असते?"

मला रडू यायच्या ऐवजी हसू आलं. मग मी सगळं सांगितलं. पाळीचं, केसांचं, वजनाचं. शेवटी म्हटलं, "मूल व्हायला वेळ लागेल. कदाचित होणारही नाही."

तेवढ्यात रोह्याची गाडी लागली. कंडक्टरने घंटी मारली. संदेशने गाडीकडे बघितलं आणि तो उठला नाही. गाडी निघून गेली.

"पुढची दीड तासानं हाय," तो म्हणाला. "तोवर नीट सांगा. मला अर्धं कळलं नाय."

दीड तास त्याने ऐकलं. निघताना म्हणाला, "आईला मी सांगतो. तुम्ही नका टेन्शन घेऊ."

त्याने सांगितलं नाही. हे मला लग्नानंतर आठ महिन्यांनी कळलं. विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "रोज सांगायचं ठरवतो. रोज राहतं." संदेश चांगला माणूस आहे, पण आईसमोर त्याची वाचा बसते. अशा चांगुलपणाचाही त्रास होतो.

तरी एक सांगते. मी पहाटे उठून त्याच्या रेझरने हनुवटी साफ करायचे आणि तो धुवून होता तसा ठेवायचे. एक दिवस न्हाणीघरातल्या फळीवर त्याच्या रेझरशेजारी नवा रेझर दिसला, पाकिटातून काढून ठेवलेला. त्यावर आमच्यात एक शब्दही झाला नाही. आजपर्यंत नाही.

दोन रेघा

या आजाराची सगळ्यात दुष्ट गोष्ट कोणती, तर दुसऱ्या बाईची पाळी चुकली की ती आशेने मोहरते. आपली चुकली की ती नुसती चुकलेली असते. हे मला पुरतं माहीत होतं. तरी दर वेळी पस्तिसावा, चाळिसावा, पन्नासावा दिवस आला की मी गरोदरपणाच्या तपासणीचं किट काढायचे. रोह्यात ओळखीचे दुकानदार, म्हणून माहेरी जाईन तेव्हा पेणहूनच दोन-तीन आणून ठेवायचे. एक रेघ. थांबून थांबून बघायचे, खिडकीशी नेऊन बघायचे. एकच रेघ. मग तोंड धुवून मुलींना कवायत शिकवायला जायचे.

सासूबाई बोलायच्या नाहीत, पण शेजारणीची सून पोटुशी असली की तिच्या डोहाळ्यांचं तपशीलवार वर्णन मला ऐकवायच्या. मी भाजी चिरत राहायचे.

तीच गोळी

सासूबाईंना मधुमेह. एका जुलैत कुंडलिका नदीचं पाणी बाजारात शिरलं. दुकानं दोन दिवस बंद. आणि नेमक्या सासूबाईंच्या गोळ्या संपल्या. संदेश कंपनीत अडकलेला, रस्ते बंद. त्यांना घाम फुटला होता, गोळी नाही म्हणून की भीतीने ते सांगता येत नव्हतं. रिकामी पट्टी हातात धरून त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "आता माझं काय व्हनार गो?"

मी ती पट्टी घेतली. नाव वाचलं, ताकद वाचली. मला डॉक्टर गेलं वर्षभर जी गोळी देत होत्या तीच. सुरुवातीला तिने माझं पोट इतकं बिघडवलं होतं की शाळेत दोन तासांच्या मध्ये मला पळावं लागायचं. ती मी कपाटात पावडरच्या जुन्या डब्यात लपवून ठेवायचे.

मी दारात उभी राहिले. दिली तर प्रश्न येणार. नाही दिली तर या बाईला पाणी उतरेपर्यंत घाबरत बसवायचं. मी डबा उघडला.

त्यांनी गोळी तळहातावर घेऊन उलटीसुलटी केली. "ही तुझ्याकडं कशी?"

"माझीच आहे."

"साखर हाय तुला? एवढ्या कवल्या वयात? लग्नात लपवलाव?"

"साखर नाही, मम्मी." मग मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले आणि सांगितलं. अठराव्या वर्षापासूनचं सगळं.

माझं संपल्यावर त्यांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायल्या.

"संदेशला ठाव होतं?"

"हो. लग्नाआधीपासून."

"म्हंजे माझ्या घरात मला एकटीलाच ठाव नव्हतं."

माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठून आत गेल्या. पुढचे अकरा दिवस त्या माझ्याशी जेवणाखाणापुरतंच बोलल्या. मी मनात माहेरची बॅग भरून ठेवली होती. कुठली साडी घ्यायची, कुठली ठेवायची, इथपर्यंत.

बाराव्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते. सासूबाई चपला घालून दारात उभ्या.

"चल."

"कुठे?"

"चालायला. माझ्या डॉक्टरनी मला कवापासून सांगितलंय. तुलाबी सांगितलंय ना? मग चल. पोळ्या आल्यावर लाट."

आम्ही नदीकाठी गेलो. त्या पुढे, मी चार पावलं मागे. पुलापर्यंत जाऊन परत. दुसऱ्या दिवशीही तसंच. आठवड्याने त्या न बघताच म्हणाल्या, "ती गोळी जेवनानंतर घे. उपाशी पोटी घेतलीस तर पोट चालतं." मी म्हटलं, माहीत आहे. "मग सांगायचंस ना मला. मी चार वर्स उपाशी पोटी घेतली."

असं आमचं बोलणं परत सुरू झालं.

एकोणीस दिवस

पुढच्या वर्षी साडेतीन महिने पाळी आली नाही. मी किट बघत राहिले, डॉक्टरकडे गेले नाही. तिथे गेलं की आशा संपते, असं काहीतरी खुळं डोक्यात होतं. मग शाळेच्या क्रीडादिनी, मैदानावर चुन्याच्या फक्कीच्या रेषा आखताना, एकदम रक्त सुरू झालं. पांढरा ड्रेस. मी कमरेला एका मुलीचं जॅकेट बांधून शेवटच्या शर्यतीपर्यंत शिट्टी वाजवत राहिले.

ते थांबलं नाही. आठ दिवस, बारा दिवस, एकोणीस दिवस. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. पेणच्या त्याच डॉक्टरांकडे गेले. आता त्यांचे केस सगळे पांढरे झाले होते. त्या फार रागावल्या. "शिकलेली ना तू? पिशवी साफ करून तुकडा तपासायला पाठवायचाय." कशासाठी, ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, "काही वाईट नाही ना, ते बघायला."

एक दिवस भरती झाले. सकाळपासून उपाशी, बांगड्या काढलेल्या, हिरवा गाऊन मागून उघडा. सिस्टर फॉर्म भरत होती. "किती मुलं?"

"नाही."

"पडलंय कधी?"

"नाही."

तिने पेन थांबवून माझ्याकडे बघितलं, मग रकान्यात रेघ ओढली. शेजारच्या खाटेवर बाळंतीण. तिच्या सासऱ्यांनी वॉर्डभर पेढे वाटले. संदेशलाही दिला. त्याने तो खाल्ला नाही, टाकलाही नाही. मी भुलीतून जागी झाले तेव्हाही तो स्टुलावर बसला होता आणि पेढा त्याच्या मुठीत चेपून गेला होता.

रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. आठ दिवस मी आत्याला आठवत होते. इतकी वर्षं मी मूल होणार नाही म्हणून घाबरले होते. आपण स्वतः मरू शकतो, हे मनात कधी आलंच नव्हतं. आता आलं, आणि लाज वाटेल असं मला वाटलं की मूल नको, काही नको, फक्त मला राहू दे.

बाकड्यावर

रिपोर्टच्या दिवशी संदेशला फर्स्ट शिफ्ट होती. सासूबाई म्हणाल्या, मी येते. आई गावाहून परस्पर आली. पाकीट माझ्या हातात होतं, बंद. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होत्या. आम्ही तिघी बाकड्यावर बसलो, मी मध्ये.

बराच वेळ गेल्यावर सासूबाई माझ्यावरून वाकून आईला म्हणाल्या, "विहीणबाय, एक इचारू? तुम्हाला आधीपासून ठाव होतं."

"व्हय," आई म्हणाली.

"ही अठराची होती तवापासून."

"व्हय."

"आनि मला बोलला नायत."

मला वाटलं, आत्ता नको. देवा, आत्ता नको. आईने पदर सारखा केला. "बोलले आसते, तर तुम्ही केली आसती हिला?"

सासूबाई समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. तिथे लसीकरणाचा तक्ता होता. त्या आता अर्थातच केली असती म्हणतील, आणि आई खोटी पडेल, अशी मी तयारी केली.

"नाय," त्या म्हणाल्या. "नसती केली."

मग सासूबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि आधी आईला दिली.

डॉक्टरांनी पाकीट उभ्या उभ्याच फोडलं. त्यांचे डोळे ओळीवरून ओळीवर जात होते आणि मी त्यांच्या भुवया बघत होते. "वाईट काही नाही," त्या म्हणाल्या. "आतलं अस्तर जाड झालंय. औषधाने उतरेल. पण नीट ऐक. पाळी तीन महिने थांबली तर घरात किट बघत बसायचं नाही. इथे यायचं. मूल हवं असो, नको असो, लग्न झालेलं असो, नसो."

हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहिते. माझ्यासारखी कुणी असेल तर बाकी सगळं विसरली तरी चालेल.

आता

गोळ्या चालू आहेत. अस्तर उतरलं. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी मान हलवली, म्हणजे त्यांच्या भाषेत फार झालं. वजन थोडं उतरलं, थोडं परत चढलं. मुलासाठी बी पिकवायचं औषध दोनदा घेतलं, दोन्ही वेळा काही झालं नाही. तिसऱ्यांदा घ्यायचं की थोडं थांबायचं, ते संदेश आणि मी ठरवतोय. सासूबाई त्यात तोंड घालत नाहीत. त्यांना ते फार जड जातं, हे मला दिसतं.

मागच्या महिन्यात नदीकाठी त्यांच्या ओळखीच्या एक बाई भेटल्या. आपल्या मुलीच्या चेहऱ्याचं काहीतरी दबक्या आवाजात सांगत होत्या. सासूबाई भर रस्त्यात मोठ्याने म्हणाल्या, "माझ्या सुनेला हाय ते. तिला इचार." मला धरणी दुभंगावी असं झालं. इतकी वर्षं जपलेली गोष्ट त्यांनी दोन वाक्यांत वाऱ्यावर सोडली होती. घरी येईपर्यंत मी त्यांच्या चार पावलं पुढे चालले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या बाई मुलीला घेऊन आल्या. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, नाकापर्यंत ओढणी गुंडाळलेली. आईच सगळं बोलत होती. तीन महिने पाळी नाही, हिचं लग्न होईल का, लोक काय म्हणतील. मुलगी खाली बघत होती. मी सासूबाईंना खूण केली. त्या लगेच उठल्या. "चला, आत येऊन च्या बघा जरा," म्हणून त्यांनी त्या बाईंना स्वयंपाकघरात नेलं.

आम्ही दोघीच उरलो. मैदानावर पन्नास मुलींवर ओरडते, पण इथे नुसती पंख्याचं बटण चालू करून बसले.

तीच हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुम्हाला भीती वाटते?"

"वाटते," मी म्हटलं. "आज चव्वेचाळिसावा दिवस आहे. सकाळपासून वाटतेय."

तिने ओढणी नाकावरून खाली ओढली. स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघितलं.

"माझी सात महिने नाय आली," ती म्हणाली. "आईला मी तीनच सांगितलेत."

मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले. आधी आईला खरं सांगू, मग शनिवारी पेणला जाऊ, मी येते बरोबर, असं तिला म्हटलं. तिने मान हलवली. मग मी आत हाक मारली आणि दोघींना बाहेर बोलावलं.